राजाचं सासर

क्लाउ गावच्या सभागृहात त्या सकाळी इतकी माणसं कोंबली होती, की भिंतीवरचे दोन्ही पंखे असून नसल्यासारखे झाले होते. संग्रहालयाच्या संचालक दिएपबाई टेबलामागे उभ्या राहून तीच गोष्ट तिसऱ्यांदा, पण तितक्याच गोड आवाजात सांगत होत्या. टेकडीवरच्या देवळातला पो सालत राजा शहरातल्या संग्रहालयात हलवायचा. हुकूम निघाला होता, सह्या झाल्या होत्या, ट्रकसुद्धा ठरला होता. दोन वर्षांत आसपासच्या तीन देवळांतल्या मूर्ती चोरांनी उचलल्या, हे गावालाही ठाऊक होतं. शिवाय धूर, तेल, दारू, अंडी, सगळं वर्षानुवर्षं अंगावर घेऊन कुठला दगड टिकेल? संग्रहालयात राजाला काचेची खोली मिळेल, गार हवा मिळेल, दारावर पहारा मिळेल. देवळात त्याच्या जागी त्याचा मोठा, चौकटीतला फोटो लावू.

"फोटोला अंघोळ कशी घालायची हो?" मागून कुणीतरी ओरडलं.

"ओल्या फडक्यानं पुसायचा!" दुसऱ्यानं परस्पर सांगून टाकलं आणि पुन्हा गलका उसळला.

पहिल्या रांगेत निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मुक थेम गप्प बसून पान चघळत होती. मुक म्हणजे आजी. वय एकाहत्तर, वजन एका बोकडाएवढं, आणि जीभ मात्र चांगली लांब. ती देवळाची पजाउ होती. वर्षातून चार वेळा राजाला न्हाऊ घालायचं, कपडे चढवायचे, त्याच्यापुढे नाचायचं, हे काम तिनं बत्तीस वर्षं केलं होतं. आमच्या चाम लोकांत राजा मेला की शंकर होतो. म्हणून पो सालत म्हणजे छातीएवढं काळं लिंग आणि त्यातून बाहेर डोकावणारा एक मिशाळ, जरासा रागीट चेहरा. पजाउला संसार चालत नाही. मुक थेमनं चाळिशीच्या आतच नवऱ्याला रीतसर त्याच्या आईकडे परत धाडलं होतं, आणि दोघांपैकी अंघोळीच्या वेळी राजाच कमी कटकट करतो, असं ती चारचौघांत सांगायची. राजा गेला तर सकाळी उठायचं कशासाठी, हे मात्र तिला समजत नव्हतं आणि ते ती कुणालाच सांगत नव्हती.

दिएपबाईंच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसला होता तो हुआन, मुक थेमचा भाचा. बहीण लवकर वारली, तेव्हा या पोराला तिनंच वाढवलं, शिकवलं. मग तो लग्न होऊन शहरात बायकोच्या घरी नांदायला गेला, संग्रहालयात नोकरीला लागला आणि दहा वर्षांत त्याला पोट सुटलं. गळ्यात ओळखपत्र लटकवून तो आता स्वतःच्याच गावाच्या सभेचा वृत्तान्त लिहीत होता. मावशीकडे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. पोरगा फितूर झाला, अशी मुक थेमनं मनाशी नोंद करून टाकली होती.

"सगळं तुमच्या रूढीप्रमाणेच करू," दिएपबाई म्हणाल्या. "हुकमातच तसं आहे. समाजाची संमती घ्यायची आणि समाजाच्या रूढीनं न्यायचं. तुम्ही फक्त विधी सांगा, मी एकही सोडणार नाही."

मुक थेमनं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

"राजा तुमच्याकडे किती दिवसांसाठी येणार म्हणालात?"

"कायमचा, आजी."

"आपलं घर सोडून?"

"हो."

"तुमच्या घरी राहायला?"

"अगदी घरच्यासारखं सांभाळू."

"मग विधी एकच आहे," मुक थेम म्हणाली. "बाप्या माणूस आपलं घर सोडून दुसऱ्याच्या घरी कायमचा राहायला कधी जातो?"

तिथल्या प्रत्येक बाप्याला उत्तर ठाऊक होतं, कारण प्रत्येक जण कधी ना कधी आपली ट्रंक घेऊन बायकोच्या दारात उतरला होता. आधी एक म्हातारी खुदकन हसली, मग बायकांची अख्खी रांग हसायला लागली.

"लग्न?" दिएपबाईंनी विचारलं. बाई हुशार होत्या, चाम लोकांवरची पुस्तकं त्यांनी कोळून प्यायली होती.

"लग्न! मुलीकडच्यांनी येऊन मागणी घालायची. आम्ही विचार करू, आढेवेढे घेऊ, मग हो म्हणू. तुमचं संग्रहालय ती नवरी. तुम्ही तिच्या आईच्या जागी. म्हणजे माझ्या विहीणबाई."

दिएपबाई मोकळेपणानं हसल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे बहुतेक वर्तमानपत्रातला फोटो उभा राहिला असावा: देवाची वरात, ढोल, हसरे गावकरी, आणि कुठेही दगडफेक नाही. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. हुआननं तेवढ्यात पहिल्यांदा मान वर करून मावशीकडे पाहिलं आणि लगेच खाली घातली.

सभा उठल्यावर ओंग नोय धावतच मुक थेमच्या मागे आला. ओंग म्हणजे आजोबा. हा देवळाचा किल्लीवाला, पाच पिढ्यांचा, आणि सरकारी कागद नुसता बघूनही घाम फुटणारा.

"थेम, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? पुजाऱ्याला विचारलं नाहीस, कुणाला विचारलं नाहीस, आणि भर सभेत राजाला उजवायला काढलंस? माणसं तोंडावर थुंकतील!"

"तुला दुसरं काही सुचतं का?"

"नाही."

"मग किल्लीला तेल घाल जा."

"पण लग्न झालं की तो जाईलच ना!"

"लग्न झालं की नवरा जातोच. तू नव्हता गेलास?"

याहून जास्त तिनं ओंग नोयला काही सांगितलं नाही. त्याच्या पोटात गोष्ट टिकत नाही, हे तिला माहीत होतं. तिच्या पोटात काय होतं ते तिनं गावाला सांगितलं नाही, तर आपणही उगाच घाई करायला नको.

त्या दिवसांत तिनं एक फोन मात्र केला, डोंगरात, कातोरला.

कातोर रागलाइ होती. रागलाइ डोंगरातले, आम्ही खालचे. पण रागलाइ जमात म्हणजे आम्हा चाम लोकांची धाकटी बहीण, आणि आमच्यात घरदार, भांडीकुंडी सगळं धाकट्या बहिणीकडे जातं. म्हणूनच राजाचा अंगरखा, मुकुट, कमरपट्टा हे सगळं वर्षभर डोंगरात रागलाइंकडे असतं. सणाच्या दिवशी ते खाली येतात, राजाला कपडे देतात, सण संपला की घडी घालून परत नेतात. त्यांनी कपडे आणले नाहीत तर राजा उघडाच. आणि उघड्या राजाला ना कुठं नेता येत, ना बसवता येत. कातोर साठीची होती. चिलीम ओढायची आणि होंडा स्वतः चालवायची.

मागणीच्या दिवशी ती कपड्यांची पेटी मागे बांधूनच आली. मुक थेमच्या अंगणात चटया घातल्या होत्या. दिएपबाई खरंच सगळं शिकून आल्या होत्या. पितळी तबकात विड्याची पानं आणि सुपाऱ्या, तांदळाच्या दारूच्या दोन बाटल्या, एक कोंबडी, आणि आल्याच्या गाठीच्या आकाराचे तळलेले गोड पदार्थ, जे आमच्याकडे लग्नाला लागतातच. त्यांनी चपला बाहेर काढल्या, मांडी घातली, तबक दोन्ही हातांनी पुढे केलं. मुक थेमला त्या बाईबद्दल क्षणभर बरंच वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला.

"मुलीचं घर कसं आहे?" कातोरनं चिलीम पेटवत सुरुवात केली.

"तीन मजली, पक्कं."

"छप्पर गळतं?"

दिएपबाई अडखळल्या. "पश्चिमेच्या दालनात, जरासं. दुरुस्ती मंजूर झाली आहे."

"आधीचे किती नवरे आहेत तिच्या घरात?"

"म्हणजे?"

"दगडाचे हो. मी गेले होते एकदा, शाळेच्या मुलांबरोबर आत घुसले. चिक्कार बाप्ये उभे करून ठेवलेत. कुणाला डोकं नाही, कुणाला हात नाही."

अंगणातल्या बायकांना हसू आवरेना. दिएपबाईंचे कान लाल झाले, पण त्या हटल्या नाहीत. "सगळ्यांना वेगवेगळी दालनं आहेत," त्या म्हणाल्या.

"तिथं आमच्या राजाला काम काय पडेल?"

"काहीच नाही. फक्त उभं राहायचं."

"मग ठीक," मुक थेम म्हणाली. "इथंही तो तेच करतो. उगाच जास्त सांगून पोरगी फसवायची नाही आम्हाला."

मग कागद झाला. संमतीचा कागद दिएपबाईंना हवाच होता. त्याच्याशिवाय ट्रक हलणार नव्हता. हुआन लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला आणि मुक थेम सांगू लागली. राजा पो सालत, आई याच गावची मीठ विकणारी बाई, बाप कोण ते गोष्टीत नाही. त्याला संग्रहालयानं चाम रूढीनं, वाजतगाजत, आपल्या घरी न्यावं. आणि बायकोकडच्यांवर रूढीनं जी जी जबाबदारी येते, ती ती संग्रहालय पाळील.

शेवटच्या वाक्याला हुआनची बोटं थांबली. एवढा वेळ थांबली, की दिएपबाईंनी विचारलं, "काही अडलं का?"

"नाही, बाई," तो म्हणाला आणि त्यानं वाक्य जसंच्या तसं टाइप केलं. दिएपबाईंनी सही केली, लाल शिक्का उमटवला. खाली मुक थेमनं अंगठ्याशेजारी आपलं नावही काढलं, कारण तिला लिहिता येतं हे सगळ्यांना दिसायला हवं होतं.

वरात निघाली तेव्हा गावात कुणी घरी थांबलं नाही. ढोल होते, सनई होती, वारा तर आमच्याकडे असतोच. राजाला न्हाऊ घातलं, कातोरनं एकेक कपडा दिला, मुक थेमनं चढवला. मग आठ बाप्ये, दोन साखळ्या आणि लाकडी ओंडक्यांवरून सरकवत तो दाराबाहेर आला. ट्रकवर उभा राहिला तेव्हा मुकुट थोडा तिरका झाला होता, आणि तो जरा प्यायल्यासारखा दिसत होता. बायकांनी जावई शहरात चालला म्हणून चेष्टेची गाणी म्हटली. उपाध्यक्ष का कोण मोठे साहेब आले होते, त्यांनी राजाच्या गळ्यात हार घालून फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो फोटो तीन वर्तमानपत्रांत आला.

ट्रक गेल्यावर मुक थेम देवळात परतली. आतला ओटा रिकामा होता. मधोमध एक ओला, गोल डाग होता, तेवढाच. तिनं दार ओढून घेतलं आणि रडली. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिचं तिला माहीत असूनही रडली. डाव उलटला तर हा डाग उद्यापर्यंत वाळणार होता आणि मग काहीच राहणार नव्हतं. बाहेर ओंग नोय किल्ली हातात धरून दोनदा खाकरला, तेव्हा तिनं पदरानं नाक पुसलं आणि त्यालाच दरडावलं, की बंद दाराशी असं उभं राहतात का.

लग्नानंतर तीन दिवस नवरा-नवरीला बाहेर पडायचं नसतं. ते तिनं पाळू दिलं. चौथ्या दिवशी सकाळी संग्रहालय उघडलं, तेव्हा दारात गावच्या चौदा बायका उभ्या होत्या, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत. सर्वांत पुढे मुक थेम आणि कातोर. पहारेकऱ्याला वाटलं, नाचायचा कार्यक्रम आहे. त्यानं त्यांना सरळ आत सोडलं.

दिएपबाई घाईघाईनं खाली आल्या, मागोमाग हुआन.

"आजी, हे काय? पांढरे कपडे का?"

"विहीणबाई, धीर धर," मुक थेम म्हणाली. सोयरीक झाल्यापासून ती दिएपबाईंना अगं-तुगं करत होती. "वाईट बातमी आहे. तुझे जावई वारले."

"कोण जावई?"

कातोरनं बोटानं दाखवलं. काचेच्या खोलीत, गार हवेत, पो सालत उभा होता.

"कधी?" दिएपबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"साडेतीनशे वर्षं तरी झाली."

दिएपबाईंनी डोळे मिटले, उघडले. "आजी, लग्नाच्या वेळी तो मेलेलाच होता. तुम्हाला ठाऊक होतं."

"मला ठाऊक होतं, पण मी अडाणी. तू तर लिहून लावलंयस." मुक थेमनं काचेशेजारच्या नव्याकोऱ्या फलकावर बोट टेकवलं. तिथं तीन भाषांत राजाचं नाव होतं, उंची होती, आणि त्याखाली मृत्यूचं साल होतं. "बायकोच्या घरच्यांनीच दारावर मयताची पाटी लावली, मग आम्ही रडायला नको यायला? ए, रडा गं."

चौदा बायका रडल्या. संग्रहालयाचं छत उंच होतं, आवाज छान घुमला. एक परदेशी पाहुणा दुसऱ्या मजल्यावरून वाकून व्हिडिओ घेऊ लागला.

"आता रूढी काय ते तुला मी सांगायला नको," मुक थेम म्हणाली. "तू वाचलंयस. बाप्या जिवंतपणी बायकोच्या घरी. मेला की बायकोकडच्यांनी क्रियाकर्म करायचं, बोकड कापायचा, आणि हाडं त्याच्या आईच्या कुळाला परत आणून द्यायची. राजाची आई आमच्या गावची. देवळामागे तिचा दगड आहे. कागदावर तुझी सही आहे: बायकोकडच्यांच्या सगळ्या जबाबदाऱ्या."

"तो कागद..." दिएपबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ते लग्न म्हणजे एक उपचार होता, आजी! सगळ्यांनाच माहीत होतं ते खरं नाही!"

"लग्न खोटं?"

"अर्थात!"

"मग संमतीही खोटी. एकच कागद आहे. आणि संमती खोटी असेल तर राजा इथं आलाय तो चोरीचा." मुक थेम कातोरकडे वळली. "वर्तमानपत्रवाल्यांना काय सांगायचं गं? साहेबांनी हार घातलेला फोटो आहेच त्यांच्याकडे."

कातोरनं चिलीम काढली, पहारेकऱ्याकडे बघून परत ठेवली.

दिएपबाई वर जाऊन अर्धा तास फोनवर बोलल्या. बायका दालनात फतकल मारून बसल्या, कुणीतरी पानाचा डबा उघडला, डोकं नसलेल्या एका मूर्तीशेजारी ओल्या चपला वाळत ठेवल्या गेल्या. मुक थेम फार खूश होती. डाव सरळ पडला होता.

पण दिएपबाई खाली आल्या त्या शांत होऊन, हातात एक जाडजूड पुस्तक घेऊन. त्या मुक थेमसमोर खाली बसल्या.

"साहेब म्हणाले, लग्न खरंच आहे असं समजा. मीही तेच म्हणते. लग्न खरं, जावई वारले, सगळं मान्य. क्रियाकर्म करू, बोकड आणू." त्यांनी पुस्तकातली खूण उघडली. "पण कुळाचं स्मशान रोज उघडत नाही. पुरेसे मयत साठले की दहा-पंधरा वर्षांनी एकदा सगळ्यांची हाडं एकत्र आत जातात. तोवर थांबायचं असतं. बरोबर ना?"

मुक थेमनं पानाचा डबा पुढे ओढून झाकण लावलं.

"तुमच्या कुळाचं शेवटचं कधी उघडलं?"

"दोन वर्षांपूर्वी," मुक थेमच्या मागच्या एका बाईनं बावळटासारखं सांगून टाकलं.

"म्हणजे अजून बारा-तेरा वर्षं तरी. थांबू द्या त्याला. इथं थांबेल." दिएपबाईंनी पुस्तक मिटलं. आवाजात कुत्सितपणा नव्हता, उलट कळवळाच होता. "आजी, मी वाईट बाई नाही. तिथं एका रात्रीत त्याचं डोकं कापून नेतील हो."

मुक थेमनं हिशेब केला. बारा वर्षं. एकाहत्तर आणि बारा. तिच्याकडे दुसरा डाव नव्हता. तिनं काचेतून राजाकडे पाहिलं. संग्रहालयाच्या लोकांनी त्याचा मुकुट सरळ केला होता.

"त्याला माझ्या हाताची सवय आहे," ती म्हणाली. त्यात काही डावपेच नव्हता. तोंडातून आलं तसं आलं. "पाणी कोमट लागतं त्याला. थंड ओतलं की दगड कुरकुरतो. तू त्यांना सांगशील का?"

बायकांचं पान चघळणं थांबलं. कातोरनं तोंड फिरवलं.

तेव्हा हुआन बोलला. दाराजवळ लॅपटॉप छातीशी धरून उभा होता, तिथूनच.

"बाई, हाडं थांबतात हे खरं. पण बायकोच्या छपराखाली थांबत नाहीत."

दिएपबाई वळल्या. "पुस्तकात तसं काही नाही."

"पुस्तकात नसेल. आमच्या गावात आहे. क्रियाकर्म झालं की कपाळाच्या हाडाची डबी त्याच दिवशी घराबाहेर. आईच्या कुळातलं माणूस येऊन घेऊन जातं आणि आपल्या जागेत, झाडाखाली नाहीतर दगडाआड ठेवतं. वेळ येईपर्यंत तिथं. बायकोच्या घरी एक दिवससुद्धा नाही."

"तुम्ही माझ्या कार्यालयात काम करता, हुआन."

"करतो, बाई. आणि माझं लग्नही या शहरातच झालंय. दहा वर्षं बायकोच्या घरी राहतोय. माणसं चांगली आहेत, सासूबाई माझ्यासाठी वेगळा भात काढून ठेवतात. पण त्या घरात मी मेलो तर मला कुठं न्यायचं, हे सासूबाईंनी लग्नाच्या आधीच विचारून घेतलं होतं. मी मावशीचं नाव सांगितलं. कागदावर ते वाक्य मी टाइप केलं, तेव्हा मला ते कुठं जातंय ते कळलं होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. नोकरीचं काय ते तुम्ही ठरवा."

मुक थेमनं पोराकडे पाहिलं. ओळखपत्र गळ्यात तसंच होतं, पोटही तसंच होतं. दहा वर्षं ती त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होती, त्या सगळ्या तिला एकदम आठवल्या आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

दिएपबाईंनी एकदा काचेकडे पाहिलं. मग त्यांनी पुस्तक हुआनच्या हातात दिलं.

"हे पान चुकीचं आहे. बरोबर काय ते समासात लिहा, सही करा," त्या म्हणाल्या. "आणि आजी, क्रियाकर्माचा खर्च बायकोकडचे करतात ना? मग मयतासोबत मी एक लोखंडी दार देणार. आणि पगारी पहारेकरी. त्याला नाही म्हणायचं नाही."

"मयताच्या मागून आलेलं कोण परत करतं?" मुक थेम म्हणाली. "पण पहारेकरी जेवणारा दे. आमच्याकडे उपाशी माणसाला कुणी मानत नाही."

राजा परत आला तो पांढऱ्या कापडात गुंडाळून, त्याच ट्रकमधून. दिएपबाई पांढरा शर्ट घालून ट्रकच्या पुढच्या सीटवर बसल्या होत्या. गावातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना विहीण म्हणून पहिलं ताट वाढलं, कातोरनं त्यांना दारू पाजली, आणि नको नको म्हणत तीन पेल्यांनंतर बाई मीठवालीच्या दगडापुढे खरोखर रडल्या. का, ते त्यांनाही सांगता येईना. बायकांनी पुढच्या सणाला येण्याचं वचन त्यांच्याकडून तिथंच काढून घेतलं. हुआनची नोकरी राहिली. उलट रूढींच्या बाबतीत त्याचं लेखी मत घेतल्याशिवाय कार्यालयानं सही करू नये, असा नवा नियम दिएपबाईंनी काढला.

ऊन उतरल्यावर पंगत पांगली. मुक थेम हुआनला घेऊन टेकडीच्या पायथ्याशी गेली. तिथं काटेरी कुंपणात त्यांच्या कुळाचं स्मशान आहे. डावीकडे बायकांचा दगड, उजवीकडे बाप्यांचा. हुआन लहानपणी तिथं शेळ्या हाकलायला यायचा, त्यानंतर फक्त आई गेली तेव्हा.

"तुझी आई इथं," मुक थेमनं डावा दगड दाखवला. "तिच्या अंगावर मी पडणार. आयुष्यभर माझी चादर ओढायची ती, आता मी ओढीन."

"मावशी, असं काय बोलतेस."

"आणि तू तिकडं." ती उजव्या दगडाजवळ गेली, वाकून त्याच्या बुडाशी हात फिरवला, खडे बाजूला केले. "इथं फार गर्दी झालीय रे. मामा लोक सगळे आडवेतिडवे पसरलेत, कुणाला सरकायची अक्कल नाही. तुझं तर पोटही सुटलंय."

"फक्त कपाळाचं हाड आणायचंय ना, मावशी. पोट नाही."

"ते मला शिकवू नकोस." ती अजून वाकलेलीच होती, मान वर करत नव्हती. "वाऱ्याच्या बाजूला ठेवायला सांगीन त्यांना. तुला पहिल्यापासून उकाडा सोसत नाही."